पदराआडचं पाखरू

“जाताना मले ते सुलट लावून देजो, कुसूम. भिऊ नोको.” अनसूयावहिनी असं म्हणाली तो मंगळवार होता. ताप उतरायचं नाव घेत नव्हता, पण डोळे लख्ख होते. ‘ते’ म्हणजे काय, हे विचारायची मला गरज नव्हती. मी म्हटलं, “वेड्यासारखं काय बोलून राहिली वं? विषमज्वरातनं माणसं उठत नाहीत काय?” ती हसली. “उठतात ना. उठली तर मीच लावीन. नाही उठली तर तू.” शुक्रवारी सकाळी सीताबर्डीच्या आमच्या घरी मी तांदूळ निवडत बसले होते, तर तिच्या शाळेचा शिपाई भिंतीला सायकल टेकवून उभा राहिला. त्यानं टोपी काढून हातात धरली, आणि मला कळलं. रडू यायच्या आधी मला काय आलं सांगू? भीती. माझ्या वहिनीनं उभ्या जन्मात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती नेमकी चारचौघांच्या देखत करायची होती.

मी जन्माची भित्री. लोक देवाला नवस बोलतात ते काही मिळावं म्हणून, मी बोलते ते काही होऊ नये म्हणून. वहिनी मला चिडवायची, “कुसूमच्या घरी उंदीर नाही निघत, उंदराच्या अगोदर तिची किंचाळीच निघते.” शाळेतल्या तिच्या सोबतिणींनी मला गळ घातली, की बाईंवर शाळेच्या अंकाच्या पुरवणीसाठी तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांना सगळ्यांत जास्त ओळखता. ओळखते, हे खरं. पण त्यांना हवं होतं ते वहिनीच्या शिकवण्याबद्दल, तिनं घराघरांतून मुली कशा गोळा केल्या त्याबद्दल. ते इतरांनी लिहावं. मला लिहायचंय ते एका टाचणीबद्दल. तीन आठवडे झाले, दुसरं काही सुचतच नाही.

वहिनी आमच्या इतवारीच्या घरात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि मी नऊ. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लुगड्यांचं दुकान होतं. दादा दुकानात बसायचा, पण त्याचं चित्त गादीवर कधी टिकलं नाही. सदर भागात राहणाऱ्या गोऱ्या साहेबांची बदली झाली, की त्यांच्या घरच्या सामानाचा लिलाव व्हायचा. टेबलं, कंदील, चिनी मातीची भांडी, काय काय. दादा काही घ्यायला नव्हे, नुसता बघायला जायचा. एकदा मात्र परतला तो मूठ झाकून. वहिनी परसात भांडी विसळत होती, मी तिथंच घुटमळत होते. त्यानं मूठ उघडली. तळव्यावर पंख पसरलेलं इवलंसं पाखरू! बोटाच्या दोन पेरांएवढं. पंखांवर ओळीनं निळे पिरोजे, पोटाशी ज्वारीच्या दाण्याहून बारीक मोती, आणि डोळ्याच्या जागी एकच लाल खडा. मागं टाचणीसारखा काटा. “बुरूच म्हणतात याले,” दादा ऐटीत म्हणाला. “मडमा खांद्यावर लावतात.” वहिनीचे हात राखेनं भरलेले. तिनं हात न लावताच वाकून पाहिलं आणि म्हणाली, “साळुंकी आहे.” दादा म्हणाला पोपट. मी म्हटलं चिमणी. शेपटी दुभंगलेली होती, म्हणजे तिघंही चुकलो असणार, पण साहेबाच्या देशातलं पाखरू आम्ही कुठं बघितलेलं! पुढं दोन वर्षं त्या दोघांचं भांडण हेच, की साळुंकी का पोपट. वहिनीनं ते चैत्रातल्या हळदीकुंकवाला दोनदा लावलं, मिरवलं, आणि बायकांनी “अगं बाई, हे काय नवीन” म्हणून नाकं मुरडली.

मग मानमोडीची साथ आली. ज्यांनी ती पाहिली त्यांना सांगायला नको, आणि नाही पाहिली त्यांना सांगून कळायचं नाही. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस गेलं. आमच्या घरातून दादा गेला, चार दिवसांत. वहिनी सतरा वर्षांची. दहाव्या दिवशी आमची सोनाकाकू, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको, एकाच घरात आमची दोन बिऱ्हाडं होती, तिनं वहिनीला मधल्या खोलीत बसवलं. पाटल्या, गोठ, नथ, डोरलं, जोडवी, एकेक उतरवून रुमालात बांधलं. काकू काही दुष्ट नव्हती, ती स्वतः हमसून हमसून रडत होती. पण हात थांबत नव्हते. ते पाखरू मात्र त्या रुमालात गेलं नाही. का? तर साथ घरात शिरायच्या आदल्याच आठवड्यात मी माझ्या बाहुलीच्या लग्नासाठी ते वहिनीकडून मागून नेलं होतं, आणि ते बाहुलीच्या शालूवर टाचलेलं, बाहुली पेटीत, पेटी माळ्यावर! लुगडी, सोनं, चांदी सगळं आठवणाऱ्या घराला ते आठवलं नाही, कारण ‘बुरूच’ हा दागिना आमच्या घरच्या दागिन्यांत कधी मोजलाच गेला नव्हता.

मला आठवलं ते तेराव्यानंतर. माझी जी गाळण उडाली! वाटलं आपण चोरी केली. सोनाकाकूला द्यावं तर “इतके दिवस काहून लपवलं?” म्हणून पाठीत धपाटा, न द्यावं तर पाप. शेवटी मुठीत धरून वहिनीकडे गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, “वहिनी, हे राह्यलं.” तिनं वळून पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की मलाच रडू कोसळलं. मग ती उठून बसली आणि विचारलं, “कोणाले सांगितलं?” “नाही.” “सांगू नोको.” एवढंच. अकरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात तिनं किती मोठा धोंडा बांधला, याचा तिला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून मी त्या घरात धड जेवले नाही.

तीन वर्षांनी शाळेचा प्रश्न निघाला. मुलींच्या शाळेला शिकवायला बायका मिळत नव्हत्या आणि वहिनी माहेरी चौथी पास झालेली. आबा जुन्या वळणाचे, पण सुनेला दिवसभर भिंतीशी बसलेली पाहवत नव्हतं त्यांना. सोनाकाकूनं आकांत मांडला, शेजारणींनी मान हलवली, आणि आबांनी शेवटी अट घातली. “जाय पोरी, शिक आणि शिकव. अंगावर दागिना दिसला नाही पाहिजे, आणि डोक्शावरचा पदर ढळला नाही पाहिजे. ज्या दिवशी यातलं काही झालं, त्या दिवसापासून शाळा बंद.” वहिनी मान खाली घालून उभी होती. म्हणाली, “आबा, फळ्यावर लिहाले हात वर करा लागते. पदर सरकते. टाचणी लावू काय?” आबा हसले. दुकानात लुगड्यांना चिठ्ठ्या टाचायला टाचण्यांच्या डब्या पडलेल्या असत. “लाव ना! टाचणीले काय आहे? माह्या दुकानातून डबीच घेऊन जाय.” आणि त्यांनी खरंच डबी दिली.

ती डबी शेवटपर्यंत तशीच भरलेली होती. वहिनीनं ते पाखरू लावलं, पण उलटं. पदराच्या आतून. पंख, पिरोजे, मोती, सगळं आत खांद्याच्या कातडीला, आणि बाहेर पदरावर दिसायचा तो फक्त काट्याचा नखाएवढा तुकडा. बघणाऱ्याला वाटावं, साधी टाचणी आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी तिनं मला खोलीत बोलावून विचारलं, “दिसते काय?” मी वाकून, तिरकं होऊन, उजेडाला धरून पाहिलं. नाही दिसत. “मग काहून कापून राहिली?” ती म्हणाली. मी म्हटलं, “वहिनी, दिसलं तर शाळा बंद होईल.” तर म्हणते कशी, “टाचणीच आहे ना वं ती. आबांनी सांगितलेली.”

त्यानंतर माझं लग्न होईपर्यंत रोज सकाळी ती शाळेला निघाली की मी तिचा खांदा बघायची. पातळ पांढरं असायचं, उन्हाळ्यात विरलेलं असायचं. पिरोजाचा निळा आतून डोकावतो की काय... शेपटीचं टोक तर बाहेर आलं नाही... पावसात पातळ अंगाला चिकटलं तर? ती ओल्या पदरानं घरी आली, की मी दारातच तिच्या अंगावर टॉवेल टाकायची. आईला वाटायचं पोरीला वहिनीचा किती लळा! लळा होता, नाही कशाला म्हणू, पण टॉवेल भीतीचा होता. माझ्या लग्नात हजार माणसांचं जेवण उठलं आणि सोनाकाकूनं कौतुकानं वहिनीच्या खांद्यावर थाप मारली. “आई गं!” काकूनं हात मागं घेतला. “काय टोचलं वं हे?” मी मुंडावळ्या बांधून बसलेली, मला घाम फुटला. वहिनी शांतपणे म्हणाली, “टाचणी आहे काकू. पदराची.” काकू बोट चोखत म्हणाली, “टाचणी आहे का दाभण!” लोक हसले. माझ्या लग्नातलं मला आठवतं ते एवढंच.

आणि मग आबांचं आजारपण. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, बाजेवर पडून. आई तोवर गेली होती. शाळेतून आली की वहिनी त्यांना औषध द्यायची, पाठ पुसायची. मी सासरहून भेटायला आले होते. सोनाकाकू दारात गहू पाखडत बसलेली. वहिनी आबांना उशीशी टेकवायला वाकली, काटा सुटला, आणि ते पाखरू टपकन आबांच्या छातीवर पडलं. पालथं नाही, उताणं. निळे पंख वर! आबांनी डाव्या हातानं ते चाचपलं, उचललं, डोळ्यांजवळ नेलं. “काय पडलं जी?” काकूनं सूप थांबवून विचारलं. आबांनी मूठ मिटली. “टाचणी,” ते म्हणाले. मग वहिनीचा हात ओढून तिच्या तळव्यावर ते ठेवलं आणि आजारपणानं जड झालेल्या जिभेनं म्हणाले, “पोरी, तुयी टाचणी पडली. नीट लाव. हरपल.”

यावर मी आणि वहिनीनं जन्मभर वाद घातला. मी म्हणायची, मोतीबिंदू होता, आबांना काही दिसलं नाही. ती म्हणायची, “त्याहीनं चाळीस वर्षं कापड विकलं कुसूम. सुताचा नंबर बोटानं सांगत. त्याहीचा अंगठा पंखांवरून फिरला, एकदा असा आणि एकदा असा. मी पाहिला.” मग मी म्हटलं, आता तर आबांची परवानगीच झाली, लाव सुलट. तिनं जे उत्तर दिलं ते मला तेव्हा हट्टीपणाचं वाटलं. “आबांनी काकूले टाचणी सांगितली. आता मी सुलट लावलं, तर त्याहीचा शब्द खोटा पडते.” आबा गेले, तरी तिनं ते उलटंच लावलं. पुढं पुढं काळ बदलला. शाळेत दुसऱ्या विधवा बाई आल्या, त्या हातात घड्याळ घालायच्या, कोणी काही बोललं नाही. मी म्हटलं, “आता काय हरकत आहे?” ती म्हणाली, “सवय झाली वं. त्याचं तोंड माह्याकडे असते.” दादाबद्दल ती एरवी कधी बोलायची नाही. तेवढं एकदा बोलली, आणि लगेच वह्या तपासायला बसली.

म्हणून मंगळवारी तिनं ‘सुलट’ म्हटलं, तेव्हा मला कळलं की ही आता उठणार नाही.

शुक्रवारी मी इतवारीला पोचले तोवर अंगण भरलं होतं. शाळेच्या मुली भिंतीला ओळीनं उभ्या. बायकांनी तिला आंघोळ घातली. डाव्या खांद्याखाली तिच्या कातडीवर काळपट वण होता, दोन पंख आणि शेपटी. सव्वीस वर्षांचा. बायका म्हणाल्या, जन्मखूण असेल. मी म्हटलं, असेल. नवं पांढरं पातळ नेसवलं. मी तिच्या उशीखालून पाखरू काढलं आणि पदर हातात घेतला. मनाशी शंभर वेळा घोकलं होतं: वरून काटा घालायचा, पंख वर. एवढं सोपं! सत्तर माणसं पाहत होती. आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, शिवाय सासरे, दीर, सगळे. सोनाकाकू आता थकलीय, पण कान तिखट आहेत. ती म्हणाली, “काय लावून राहिली वं कुसूम?” आणि माझ्या तोंडून, सव्वीस वर्षांच्या सवयीनं, शब्द निघून गेला. “टाचणी.”

टाचणी म्हटल्यावर हातांनी टाचणीच लावली. आतून. उलटी. मला कळलं तेव्हा काटा अडकवून झाला होता. काकू डोळे पुसत म्हणाली, “लाव माय, लाव. पदर ढळला नाही कधी तिचा.” मग “चला, उशीर होते” म्हणून पुरुष पुढं आले. मी हात पुढं केला होता, खोटं सांगत नाही, केला होता... पण ओरडून थांबवायला हवं होतं, आणि मी थांबवलं नाही. ती तशीच गेली, पाखराचं तोंड आत करून.

पुढचे दोन दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. डोळ्याला डोळा लागला नाही. एकच मागितलं होतं बाईनं, एकच, आणि ज्या कुसूमवर तिनं अकराव्या वर्षी विश्वास टाकला तिनं ऐनवेळी कच खाल्ली. घरचे विचारत, “एवढं काय झालं?” माणूस गेलंय, आणखी काय व्हायला हवं! पण खरं सांगायची सोय नव्हती. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनाही मी ते कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुरुष अस्थी सावडून परत आले. मी इतवारीलाच होते. घरचे अंगणात पाय धुवायला थांबले आणि त्यांनी पळसाचा द्रोण माझ्यापुढं धरला. “अवं, हे राखेत सापडलं. पाखरू आहे वाटते. याले तर कधी पाहिलं नाही आपण.” काळं पडलं होतं. मोती गेले, पिरोज्यांचे तपकिरी ठिपके झाले, एक पंख वळला होता. डोळ्यातला लाल खडा मात्र तसाच. सोनाकाकू ओसरीवरून म्हणाली, “काय आहे ते?” सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसे शुक्रवारी बघत होते. मी पुढं होऊन द्रोण हातात घेतला आणि म्हटलं, “वहिनीचा दागिना आहे.”

“विधवेले कशाचा दागिना?” काकू म्हणाली.

“माह्या दादानं दिलेला. सव्वीस वर्षं तिच्या अंगावर होता काकू. माह्या लग्नात तुमच्याच बोटाले टोचला.” काकू स्वतःच्या बोटाकडे बघत बसली. मग तोंडाला पदर लावून आत गेली, आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. तिला कोणत्या गोष्टीचं रडू आलं, ते मी विचारलं नाही. घरचे एवढंच म्हणाले, “मसणातली चीज आहे. कन्हानच्या पाण्यात अस्थींसंग सोडाची काय?” मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “बरं. पण याच्या मागचा काटा गळाला. लय शोधला, नाही सापडला.”

परवा शाळेत तिची शोकसभा झाली. मी ते पाखरू पातळावर लावून गेले. काटा नाही, म्हणून सुईदोऱ्यानं शिवून घेतलं, वरून, डाव्या खांद्यावर. मसणातली वस्तू अंगावर घालणं बरं नाही, हे मला कोणी सांगायला नको. सभा संपेपर्यंत छातीत धडधडत होतं आणि अजूनही होतं. निघताना तिच्या वर्गातली एक मुलगी जवळ आली, माझ्या खांद्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, “तुमच्याजवळ किती छान पाखरू आहे.”

“माझं नाही. तुमच्या बाईंचं आहे.”

तिला ते खरं वाटेना. “बाई तर नुसती टाचणी लावायच्या.”

“हो,” मी म्हटलं. “तीच ही.”